गांजाच्या परवानाधारक दुकानाच्या नावाचे टी-शर्ट आणि टोप्या: वेगळा धंदा उभारावा की दुकानातच एक कपाट ठेवावे?

सॅक्रामेंटोकर | ४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी दोन भागीदारांसह कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो येथे गांजाविक्रीचे परवानाधारक दुकान चालवतो. येथे अशा दुकानाला डिस्पेन्सरी म्हणतात आणि घरी मीही तोच शब्द सांगितलेला असल्यामुळे साताऱ्याची आत्या प्रत्येक फोनवर मला गुडघेदुखीवरचे औषध विचारते. तो गैरसमज दूर करण्याची वेळ अद्याप आलेली नाही, पण या धाग्यानंतर कदाचित येईल.

प्रश्न असा आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही कर्मचाऱ्यांसाठी दुकानाच्या नावाच्या ६० टोप्या करून घेतल्या होत्या. गिऱ्हाइकांनी त्या अक्षरशः कर्मचाऱ्यांच्या डोक्यावरून विकत घेतल्या. तेव्हापासून टी-शर्ट, टोप्या, कापडी पिशव्या, मग, गांजा कुटायचे ग्राइंडर आणि चहाची पाकिटे अशा आमच्या नावाच्या वस्तूंची रीतसर मालिका काढण्याचा विचार डोक्यात घोळतो आहे. प्रौढांना खुली विक्री १ जानेवारी २०१८ रोजी सुरू झाली तेव्हा दुकान उघडणे हेच वेगळेपण होते. आता माल सगळीकडे सारखाच मिळतो आणि गिऱ्हाईक पाच डॉलर वाचवण्यासाठी पलीकडच्या चौकात जाते. शिवाय आमचा गांजा शेजारच्या नेवाडात कायदेशीर असूनही राज्याची सीमा ओलांडू शकत नाही, कारण संघराज्याच्या कायद्याने तो अजून बेकायदेशीर आहे. आमची टोपी मात्र लास व्हेगासलाच काय, लोणावळ्यालाही जाऊ शकते.

मी १५,००० डॉलर बाजूला काढले आहेत. त्यासाठी वेगळी कंपनी काढावी का, तिचा कारभार ग्रीन कार्डावर असलेल्या मेहुण्याकडे द्यावा का, कपड्यांवर गांजाचे पान छापावे का आणि माल इचलकरंजीच्या मामेभावाकडून करून घ्यावा का, याबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

मधली_आळी | ४ ऑक्टोबर २०२५

व्यवसायातले मला काही कळत नाही, म्हणून एकच शंका विचारतो. ही टोपी घालून तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या आरतीला उभे राहता येईल का?

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर २०२५

मधली_आळी यांची शंका थट्टेची वाटली तरी तिच्यात तथ्य आहे. मी याच राज्यात करसल्लागार आहे आणि माझ्या अशिलांमध्ये अशी दोन दुकाने आहेत, त्यामुळे आधी पैशाचे सांगतो.

संघराज्याच्या आयकर कायद्यात २८०ई नावाचे कलम आहे. १९८१ साली मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विकणाऱ्याला करन्यायालयाने धंद्याचा खर्च वजा करू दिला, त्यावर संतापून अमेरिकेच्या काँग्रेसने म्हणजे संसदेने १९८२ साली हे कलम आणले. अमली पदार्थांच्या सरकारी यादीतल्या पहिल्या किंवा दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचीतील पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला विकलेल्या मालाची किंमत सोडून कोणताही खर्च वजा करता येत नाही, म्हणजे भाडे, पगार, वीज, जाहिरात यांतले काहीच नाही. गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव २०२४ च्या मे महिन्यात निघाला, पण प्रस्तावावर ताळेबंद मांडता येत नाही.

आता टी-शर्टकडे येऊ. ओकलंडच्या हार्बरसाइड या प्रसिद्ध दुकानाने न्यायालयात म्हटले होते की आम्ही केवळ गांजा विकत नाही. स्वतःच्या नावाचे कपडे, हेंपच्या (गांजाच्याच जातीच्या झाडाच्या धाग्याच्या) पिशव्या, पुस्तके हेही विकतो, त्यामुळे आमचे काही खर्च वजा व्हायला हवेत. २०१८ च्या नोव्हेंबरात करन्यायालयाने हा दावा फेटाळला, कारण ९९.५ टक्के उत्पन्न गांजाचे आणि अर्धा टक्का बाकी सगळ्या वस्तूंचे होते. इतकी किरकोळ विक्री हा वेगळा धंदा नसून मूळ धंद्याची शेपटी आहे, असा त्या निकालाचा अर्थ. याउलट २००७ सालच्या एका खटल्यात रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला मोकळीक मिळाली होती, कारण तेथे शुश्रूषा हेच मुख्य काम होते आणि गांजा पुरवणे हे त्याच्या जोडीचे होते.

तात्पर्य, दुकानातल्या कपाटात टी-शर्ट ठेवलेत तर त्यांचा नफा तुमचा, पण त्यांच्यापायी झालेला छायाचित्रकाराचा, संकेतस्थळाचा आणि जाहिरातीचा खर्च २८०ईच्या खड्ड्यात जाईल. वेगळी कंपनी काढलीत तर तिला स्वतःचे बँक खाते, स्वतःचा साठा, स्वतःची गिऱ्हाइके आणि शक्यतो दुकानाबाहेरची विक्री हवी. केवळ नाव वेगळे आणि पैसा त्याच गल्ल्यात, असे असेल तर पडताळणीला आलेला अधिकारी दोन्ही एकच धरील. २०१८ च्याच डिसेंबरात एका दुकानाला मनुष्यबळ पुरवणाऱ्या त्याच मालकाच्या व्यवस्थापन कंपनीलाही न्यायालयाने २८०ई लावले होते. म्हणून प्रश्न कंपनी नोंदवण्याचा नाही. ती कंपनी दुकानावाचून जगेल का, हा आहे.

सॅक्रामेंटोकर | ५ ऑक्टोबर २०२५

हिशेबनीस, हे वाचून पोटात गोळा आला, कारण ६० टोप्यांचा खर्च आम्ही बिनदिक्कत जाहिरातीत दाखवला आहे.

हिशेबनीस | ५ ऑक्टोबर २०२५

विकलेल्या टोप्या विकलेल्या मालात धरता येतील. कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर राहिलेल्यांचे काय करायचे ते तुमच्या सल्लागाराशी चार भिंतींच्या आत बोला, या धाग्यावर नको.

मिसिसागाची_मावशी | ६ ऑक्टोबर २०२५

तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणून इतके तरी करू शकता. आमच्याकडे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा साऱ्या देशात कायदेशीर असला तरी त्याच्या नावाने टोपी काढणे म्हणजे मोजपट्टी घेऊन बसणे आहे. गांजा किंवा त्याची साधने नसलेल्या वस्तूवर नाममुद्रा, म्हणजे धंद्याचे नाव किंवा चिन्ह, एकदाच छापता येते, तिचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटीमीटरांहून अधिक नसावे लागते, म्हणजे साधारण सतरा सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन, आणि तिच्यात अक्षर असेल तर त्याची उंची ४ सेंटीमीटरांच्या आत हवी. त्यातही ती वस्तू लहान मुलांशी निगडित असता कामा नये, आणि झगमगाट, करमणूक, उत्तेजना, चैतन्य, धोका किंवा धाडस अशा जीवनशैलीशी जोडलेली तर मुळीच असता कामा नये. टी-शर्ट कशासाठी घालतात याचा विचार केला तर या यादीत न बसणारे कारण सापडणे कठीण आहे.

मी एका दुकानात तीन वर्षे हिशेब पाहिला. ऑन्टारियोत पूर्वी दुकानाला गांजा, त्याची साधने आणि खरेदीच्या पिशव्या यांपलीकडे काही विकताच येत नव्हते; २०२४ पासून गांजाशी थेट संबंध असलेली मासिके, पाककृतींची पुस्तके आणि कपडे विकायला परवानगी मिळाली. आम्ही हौसेने काळ्या रंगाचे दोनशे टी-शर्ट मागवले, छातीवर नियमाप्रमाणे इवलेसे नाव. ते इतके गंभीर दिसत होते की एका गिऱ्हाइकाने तो सुरक्षारक्षकाचा गणवेश समजून मला विचारले की बाई, आत यायला ओळखपत्र तुम्हाला दाखवायचे का.

शिक्का | ६ ऑक्टोबर २०२५

मी पेशाने नाममुद्रांच्या (ट्रेडमार्कच्या) नोंदणीचे काम करतो. माझा अनुभव असा की लोक कपड्यांचा विचार विक्री म्हणून करतात, पण त्याचा खरा उपयोग नावाचे रक्षण हा असतो.

संघराज्याच्या पातळीवर नाममुद्रा मिळायला वस्तूचा व्यापार कायदेशीर असावा लागतो, त्यामुळे गांजासाठी ती मिळत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१८ पासून राज्यापुरती नोंदणी खुली केली आहे. ती तुम्ही केली नसेल तर उद्याच करा. मात्र तिचे बळ राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. टी-शर्ट आणि टोप्या हा कायदेशीर माल असल्यामुळे वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, देशभराची नोंदणी मिळू शकते. उद्या टेक्सासात कोणी तुमच्या नावाचे कपडे काढले तर त्या नोंदणीवर त्याला थांबवता येईल. त्याने त्या नावाने गांजा विकला तर मात्र हीच नोंदणी पुरेशी ठरेल, असे समजू नका.

येथे एक खड्डा आहे आणि त्यात नव्वद टक्के नवखे पडतात (ही टक्केवारी माझ्या टेबलावरची आहे, सरकारी नव्हे). छातीभर छापलेले चिन्ह परीक्षकाला नाममुद्रा वाटत नाही, नक्षी वाटते, आणि नक्षी म्हणून तो अर्ज फेटाळतो. नमुना म्हणून मानेमागचे लेबल किंवा लटकवलेली चिठ्ठी दाखवावी लागते, कारण हा माल कोणाचा हे गिऱ्हाईक तेथे पाहते. म्हणून पहिल्या खेपेपासूनच मानेवर लेबल शिवून किंवा छापून घ्या. त्याला दर नगामागे काही सेंट लागतात आणि विसरलात तर पुन्हा सगळा माल करावा लागतो.

आणखी एक. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावावर कोटी करून टी-शर्ट काढू नका. गोरिला ग्लू हे डिंकाचे नाव गांजाच्या एका वाणाला दिले गेले, तेव्हा डिंकवाल्या कंपनीने दावा लावला आणि २०१७ च्या तडजोडीनंतर त्या वाणाला जीजी४ म्हणावे लागले.

सडेतोड | ७ ऑक्टोबर २०२५

सगळे जण कर आणि लेबले यांत रमले आहेत, म्हणून कोणीतरी हे म्हणायला हवे. आपण ज्याला मर्चंडाइज म्हणतो आहोत त्याला भारतात छुपी जाहिरात म्हणतात. दारूच्या कंपन्यांनी सोडा, काचेचे पेले आणि गाण्यांच्या ध्वनिफिती यांच्या नावाखाली काय विकले, हे माझ्या पिढीने दूरदर्शन संचावर रोज पाहिले आहे. सोडा कोणीच विकत घेत नव्हते आणि नाव मात्र शाळकरी पोरांनाही पाठ होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच तो प्रकार.

अमेरिकेत हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. तंबाखू कंपन्यांनी टोप्या आणि जाकिटे वाटली आणि शेवटी १९९८ साली ४६ राज्यांशी झालेल्या समझोत्यात त्यांना १ जुलै १९९९ नंतर सिगारेटच्या नावाचे कपडे व वस्तू काढण्यास मनाई करण्यात आली. त्या वेळी कॅमल सिगारेटच्या उंटाचे चित्र कोणाच्या वहीवर होते हे आठवून पाहा. गांजावाल्यांनी तोच रस्ता पुन्हा चालावा आणि आपण त्यांना कापडाचा पोत सुचवावा, हे मला पटत नाही.

सॅक्रामेंटोकर | ७ ऑक्टोबर २०२५

सडेतोड, तुमचा आक्षेप मी झटकून टाकत नाही. दोन मुलांचा बाप आहे आणि मुलांच्या मापाचे काहीही काढायचे नाही हे आम्ही भागीदारांनी पहिल्याच बैठकीत ठरवले. दुकानात २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला, वैद्यकीय कार्ड असल्याखेरीज, पाऊलच ठेवता येत नाही. पण टोपी दुकानाबाहेर पडली की कोणाच्या डोक्यावर जाईल हे माझ्या हाती राहत नाही, हे मान्य.

हिशेबनीस | ७ ऑक्टोबर २०२५

सडेतोड यांच्या मुद्द्याला कायद्याचीही बाजू आहे. या राज्यात जाहिरात करायची तर तिच्यावर परवानाधारकाची ओळख आणि परवाना क्रमांक लागतो. आणि वृत्तपत्र, आकाशवाणी, इंटरनेट अशा माध्यमांत ती पाहणाऱ्यांपैकी किमान ७१.६ टक्के लोक २१ वर्षांवरचे असण्याची वाजवी अपेक्षा हवी. म्हणून नावाचे टी-शर्ट घेऊन जत्रेत तंबू ठोकायचा विचार असेल तर तेथे फुगेवाले किती आहेत ते आधी मोजा.

नाममुद्रित वस्तूंची व्याख्याही राज्याने नियमांत करून ठेवली आहे. कपडे, टोप्या, पेन्सिली, पेन, किल्ल्यांची कडी, मग, पाण्याच्या बाटल्या, वह्या, गळ्यातल्या पट्ट्या असे त्यात येते. खाद्यपदार्थ येत नाहीत, त्यामुळे चहाची पाकिटे आजच यादीतून काढा. आणि दुकानात विकायच्या वस्तूवर परवानाधारक धंद्याचे नाव किंवा चिन्ह हवेच. म्हणजे वेगळ्या कंपनीने स्वतःच्या नव्या नावाने सुंदर टी-शर्ट काढला तर तो तुमच्याच दुकानात ठेवता येणार नाही. नाव सारखे ठेवावे तर कर-अधिकाऱ्याला दोन धंदे एकच वाटतात, वेगळे ठेवावे तर दुकान दार बंद करते. या कात्रीतून वाट अशी निघते की नाममुद्रेची मालकी एकीकडे ठेवून दुसऱ्या कंपनीला ती वापरण्याचा लेखी परवाना बाजारभावाने द्यायचा.

बोल्डरचा_पाहुणा | ८ ऑक्टोबर २०२५

कोलोरॅडोतून माझी दोन वर्षांची रड सांगतो. आम्ही कपड्यांचे संकेतस्थळ छान चालवले होते, कार्डाने पैसे येत होते, आणि कोणीतरी त्यावर ग्राइंडर आणि चिलीम टाकण्याची कल्पना काढली. दोन आठवड्यांत पैसे वळते करणाऱ्या कंपनीने खाते गोठवले, अकरा हजार डॉलर तीन महिने अडकले आणि माफीची पत्रे लिहून बोटे दुखली. त्यांच्या करारात बारीक अक्षरात सगळे लिहिलेले होते, त्यामुळे दोष कोणाला देणार? संघराज्याच्या कायद्यात गांजा ओढण्याची साधने टपालाने विकणे हा वेगळा गुन्हा आहे, कापड विकणे नाही. म्हणून ग्राइंडर दुकानाच्या कपाटात, कापड संकेतस्थळावर, आणि दोहोंची गाठ पडू देऊ नका.

तुमच्या राज्यात अशी साधने व्यापारवृद्धीसाठी फुकट वाटायलाही बंदी आहे, असे मी ऐकतो. टी-शर्टवर रोलिंग पेपर फुकट, असली योजना काढण्यापूर्वी हिशेबनीसांना विचारा.

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर २०२५

बंदी आहेच. गांजाही फुकट नाही आणि साधनेही नाहीत.

मधली_आळी | ८ ऑक्टोबर २०२५

थोडे अवांतर. पान छापावे का या प्रश्नावर अजून कोणी बोललेले नाही. आपल्या अंबाडीचे पान हुबेहूब तसेच दिसते, इतके की वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे नावच हिबिस्कस कॅनाबिनस ठेवले. सॅक्रामेंटोकरांनी आत्याला तसा टी-शर्ट पाठवला तर ती म्हणेल, अरे, दवाखान्याच्या कपड्यावर अंबाडीची भाजी कशाला छापलीस, लसणाची फोडणी कुठे आहे?

छापखाना | ९ ऑक्टोबर २०२५

अवांतर नाही, हाच कळीचा मुद्दा आहे. एडिसनजवळ माझा कापडावर छपाई करण्याचा कारखाना आहे आणि न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ रोजी प्रौढांना विक्री सुरू झाल्यापासून अशा किमान वीस मालिका माझ्या हातांखालून गेल्या आहेत. हिरवे पान छापलेले कपडे पहिल्या महिन्यात खपतात आणि मग खोक्यात पडून राहतात, कारण ज्याला पान मिरवायचे असते त्याला ते समुद्रकिनाऱ्यावर दहा डॉलरला मिळते. तुमच्याकडून तो का घेईल? तुमच्या टोप्या विकल्या गेल्या त्या पानामुळे की दुकानाच्या नावामुळे, हे आधी सांगा.

आता कामाचे. पडद्याच्या छपाईत (स्क्रीन प्रिंटिंगमध्ये) प्रत्येक रंगाला वेगळा पडदा लागतो, आणि गडद कापडावर खाली पांढऱ्याचा एक थर द्यावा लागतो, तो आणखी एक पडदा. म्हणून पहिल्या खेपेत दोन रंगांपलीकडे जाऊ नका. कापड १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅमच्या) खाली घेऊ नका. पातळ टी-शर्ट लोक एकदा घालतात आणि मग त्याने गाडी पुसतात, आणि गाडी पुसणारे फडके तुमची जाहिरात करीत नाही. टोपीवर भरतकाम करा, छपाई नको, कारण कडेला शिवण येते तेथे शाई तडकते. सहा प्रकारच्या वस्तू एकदम काढण्यापेक्षा एक टोपी, एक टी-शर्ट, एक पिशवी पुरे. तुमचे १५,००० डॉलर सहा ठिकाणी विखुरले तर प्रत्येक वस्तूची नगामागची किंमत वाढेल आणि हाती सहा प्रकारची अडगळ राहील.

सॅक्रामेंटोकर | ९ ऑक्टोबर २०२५

टोपीवर पान नव्हते. नाव होते आणि खाली आमच्या शहराच्या टॉवर ब्रिजची छोटी रेषाकृती होती. आता लक्षात येते आहे की जे मागत होते त्यातले दोघे तर गांजा घेत नाहीत, बायकोला सोडायला आले होते.

छापखाना | ९ ऑक्टोबर २०२५

मग उत्तर तुमच्याच डोक्यावर होते.

शिक्का | १० ऑक्टोबर २०२५

छापखाना यांच्याशी सहमत आहे, आणि माझ्या बाजूनेही तेच बरे. पान सगळेच वापरतात, त्यामुळे ते कोणाचीच ओळख ठरत नाही.

वहिनी_न्यू_जर्सी | १० ऑक्टोबर २०२५

मेहुण्याबद्दलचा प्रश्न सगळे विसरले आहेत, म्हणून घाईने लिहिते. १९ एप्रिल २०१९ रोजी नागरिकत्व खात्याने आपल्या धोरणात स्पष्ट केले की राज्यात गांजा कायदेशीर असला तरी त्या धंद्यातला सहभाग, नोकरीसुद्धा, नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सच्चारित्र्याच्या आड येऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाने ग्रीन कार्डावर असताना एका दुकानाचा नुसता हिशेब ठेवला होता. मुलाखतीत त्याला नोकऱ्यांची यादी विचारली गेली, त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्यानंतरचे दीड वर्ष त्याने आणि त्याच्या वकिलाने कसे काढले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तुम्ही म्हणाल की कपड्यांची कंपनी गांजाला हात लावत नाही. कदाचित वकील तसे मांडूही शकेल. पण वर हिशेबनीस सांगत आहेत की नाव तेच, मालक तेच आणि परवान्याचे पैसे दुकानाकडे. मेहुण्याच्या जागी मी माझ्या भावाला बसवले नसते. तुम्ही स्वतः नागरिक आहात का?

सॅक्रामेंटोकर | १० ऑक्टोबर २०२५

वहिनी, मी आणि दोन्ही भागीदार नागरिक आहोत. मेहुण्याचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा आहे. हे मला ठाऊक नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. आज रात्रीच त्याला फोन करतो. बहीण आधीच म्हणत होती की याला दुसरे काम बघ. आता ती बरोबर होती हे कबूल करावे लागणार, हा वेगळा त्रास.

यंत्रमाग | ११ ऑक्टोबर २०२५

इचलकरंजीचा रहिवासी म्हणून बोलणे भाग आहे. आमच्याकडे मागावर विणलेले सुती कापड होते. टी-शर्टला लागते ते गुंफलेले होजिअरीचे कापड, आणि त्याचे गाव तमिळनाडूतले तिरुपूर. तुमच्या मामेभावाने टी-शर्ट करून देतो म्हटले असेल तर तो माल तिरुपुरातून आणून मधली दलाली ठेवील, आणि भाऊ म्हणून तुम्हाला ते बोलताही येणार नाही. कापडी पिशव्यांसाठी मात्र आमच्यासारखे जाड कापड दुसरीकडे शोधू नका.

दुसरे म्हणजे शुल्क. सुती टी-शर्टवर अमेरिकेत नेहमीचे १६.५ टक्के शुल्क होतेच. त्यावर यंदा भारतीय मालावरचे जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेले, तेही नेमके गणेश चतुर्थीच्या दिवशी, २७ ऑगस्टला. आमच्या गल्लीत त्या दिवशी मोदक होते पण बोलणे कोणाचे नव्हते. दोनच दिवसांनी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफीही गेली, त्यामुळे थोडे थोडे पाठवून बघू हा मार्गही बंद झाला.

सडेतोड | ११ ऑक्टोबर २०२५

हेंपच्या धाग्याचे कापड वापरले तर निदान वस्तू आणि विषय यांचा काही संबंध राहील. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक हेंपच्या लागवडीला परवाना दिला, हे मी विरोधक असूनही कौतुकाने वाचले होते. माझा विरोध झाडाला नाही, टोपीला आहे.

छापखाना | ११ ऑक्टोबर २०२५

हेंप आणि सूत यांचे ५५:४५ मिश्रण बाजारात मिळते. चार धुण्यांनंतर फार मऊ होते, पण पहिल्या दिवशी खरखरते आणि साध्या सुती कापडाहून बरेच महाग पडते. पिशवीला उत्तम. टी-शर्टला पहिल्या खेपेत नको.

मिसिसागाची_मावशी | १२ ऑक्टोबर २०२५

सडेतोड यांना विचारावेसे वाटते की टोपीवर फक्त पूल आणि दुकानाचे नाव असेल, पान नसेल, तरीही विरोध आहे का? आमच्या सरकारने नेमकी हीच रेषा आखण्याचा प्रयत्न केला आहे आणि मला तो पूर्ण मूर्खपणाचा वाटत नाही, जरी आमचे टी-शर्ट सुरक्षारक्षकांचे दिसत असले तरी.

सडेतोड | १२ ऑक्टोबर २०२५

विरोध आहे, पण कमी आहे. सोड्याच्या बाटलीवरही दारू लिहिलेले नसायचे.

सॅक्रामेंटोकर | २५ ऑक्टोबर २०२५

दिवाळीमुळे उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. भागीदारांशी दोन बैठका झाल्या आणि येथे कळलेले बहुतेक सगळे टेबलावर ठेवले.

वेगळी कंपनी आत्ता काढत नाही. हिशेबनीसांनी विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे ती दुकानावाचून जगेल का याचे, उत्तर आम्हाला प्रामाणिकपणे देता आले नाही. एक टोपी आणि एक टी-शर्ट दुकानातच ठेवणार, त्यावर झालेला इतर खर्च कराच्या दृष्टीने गेला असे धरूनच किंमत लावणार. लोक बाहेरूनही कपडे मागू लागले तर पुढच्या उन्हाळ्यात कंपनीचा विचार करू आणि तेव्हा ती माझ्या नावावर असेल. मेहुण्याला सगळे सांगितले आहे. तो नाराज झाला, मग त्याने स्वतः वकिलाला विचारले, आणि आता तो माझ्यापेक्षा घाबरलेला आहे. राज्याची नाममुद्रा नोंदवायला दिली असून वर्ग २५ चा अर्ज मानेवरच्या लेबलासह माल हाती आल्यावर करू. पान नाही, पूल आहे. ग्राइंडर कपाटात, संकेतस्थळ सध्या नाही. चहा रद्द. पिशव्यांबद्दल मामेभावाशी बोललो; शुल्क उतरले तर बघू असे दोघांनी ठरवले, म्हणजे दोघेही सुटलो.

सडेतोड यांच्यासाठी: जत्रेतला तंबूही रद्द केला आहे. तुम्ही समाधानी होणार नाही याची कल्पना आहे.

छापखाना यांना एक शेवटचा प्रश्न. पहिली खेप १४४ टी-शर्टची धरली तर मापे कशी वाटावीत? भागीदार म्हणतो सगळी सारखी घे.

छापखाना | २६ ऑक्टोबर २०२५

सारखी घेतलीत तर दोन महिन्यांनी लहान मापाचा ढीग माझ्याकडे परत करायला याल. एस १८, एम ४०, एल ४६, एक्सएल २८, डबल एक्सएल १२. एल आणि एक्सएल आधी संपतील. तेवढीच पुन्हा मागवा, पडदे मी मोडत नाही, वर्षभर ठेवतो.

मधली_आळी | २६ ऑक्टोबर २०२५

पूल असलेली टोपी आरतीला चालेल असे माझे मत झाले आहे. फक्त आरती सुरू झाली की ती काढून हातात धरा.

सॅक्रामेंटोकर | २६ ऑक्टोबर २०२५

एक आत्यालाही पाठवतो आहे. तिने विचारलेच की दवाखान्याच्या टोपीवर पूल कशाला, तर काय सांगायचे ते ठरवायला माझ्याकडे पार्सल पोहोचेपर्यंतचा वेळ आहे.